करंडकावरची कोरी ओळ

१

अंतिम सामना संपला की आठ दिवसांच्या आत करंडक आमच्या दुकानात येतो. संघटनेचा शिपाई लाकडी पेटी छातीशी धरून आणतो, काउंटरवर ठेवतो आणि दरवर्षी तेच म्हणतो, "सांभाळा ताई, लेकरू माहेरी आलंय."

त्याचं खोटं नाही. करंडकावरचं प्रत्येक अक्षर आमच्या घरात कोरलं गेलंय. पहिली अक्षरं आजोबांची, मग बाबांची, आणि बाबांच्या हातांना कंप सुटल्यापासून गेली दहा वर्षं माझी. कप चांदीचा, दोन कानांचा. डावा कान थोडा झुकलेला, कारण अकराव्या वर्षी जिंकलेल्या मंडळींनी तो ट्रकवर उभं राहून नाचवला आणि खाली पाडला. कपाखाली लाकडी बैठक, बैठकीभोवती चांदीच्या पाच पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर पंधरा ओळी. एका ओळीत वर्ष, जिंकलेला जिल्हा आणि कप्तानाचं नाव. काम म्हणाल तर अर्ध्या दिवसाचं. काळी पडलेली चांदी खडूच्या पुडीनं उजळायची, पेन्सिलीनं अक्षरं आखायची, कोरणीनं खोदायची आणि लेकरू सासरी धाडायचं.

यंदा मात्र तो महिनाभर राहणार होता. स्पर्धेला पंच्याहत्तर वर्षं झाली होती, शेवटच्या पट्टीवरची शेवटची ओळ भरायची होती, बैठकीचं लाकूड दुरुस्त करायचं होतं, आणि संघटनेनं करंडकाचा इतिहास छापायचं काढलं होतं.

दुसऱ्या पट्टीवरची पाचवी ओळ कोरी आहे. आजोबांनी ती आखली, पण कोरली नाही. त्यानंतर बाबांनी ती सोडली आणि मीही. पुसताना मी त्या ओळीवरून बोट जरा हळू फिरवते, एवढंच.

यंदा बोटाला काहीतरी लागलं. एक उभी रेघ, नखाएवढी.

ओरखडा असेल. वर्षभर चषक इकडून तिकडे फिरतो, कुणाची तरी अंगठी लागली असेल. मी भिंग लावून पाहिलं. ओरखड्याला सुरुवात आणि शेवट नसतो. या रेघेला दोन्ही होते. कुणीतरी कोरणी टेकवली होती, ढकलली होती आणि बेतानं उचलली होती.

२

इतिहास लिहिणार होते वहीकाका. संघटनेचे जुने गुणलेखक. साठ वर्षं त्यांनी सामन्यांचा चेंडू न चेंडू वहीत मांडला, आणि सगळ्या वह्या त्यांच्या घरी कपाटात आहेत. आम्ही त्यांना वहीकाका म्हणतो, बाबा नुसतंच वह्या म्हणतात.

"वह्या, तुझा इतिहास छापून होईपर्यंत आम्ही जगलो पाहिजे," मागच्या खुर्चीतून बाबा म्हणाले.

"तू जगशील रे. अकराव्या नंबरचा फलंदाज तू, जन्मभर नाबाद. तुझ्यावर पाळी येण्याआधी समोरचाच जायचा."

काका बोलून गेले खरं. बाबांनी गुडघ्यावरचा रुमाल उगाच नीट केला. मी चहा ओतला.

समोरचा म्हणजे माझे मोठे काका. बाबांचे दादा. ते आमच्या जिल्ह्याचे कप्तान होते. मी त्यांना पाहिलेलं नाही, माझा जन्म नंतरचा. पण त्या दिवसाची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की मैदानावर मीही होते असं वाटतं.

विसाव्या वर्षीचा अंतिम सामना, शेवटचा दिवस. बंदराच्या जिल्ह्याविरुद्ध आमचे नऊ गडी बाद, जिंकायला नऊ धावा हव्या. खेळपट्टीवर मोठे काका एकसष्टवर आणि बाबा शून्यावर. जेवणाची सुट्टी झाली. बाबा झाडाखाली बसले, मोठे काका कपडे बदलायच्या खोलीत गेले. एक वाजून चाळीस मिनिटांनी पंच मैदानात उतरले, बाबा उतरले, बंदरवाले उतरले. मोठे काका आलेच नाहीत.

खोलीला दार एकच होतं आणि ते सगळ्यांच्या समोर होतं. खिडकीला गज. आत बाकावर अर्धा खाल्लेला पाव आणि पाण्याचा भरलेला पेला. माणूस नव्हता, बॅट नव्हती. पोलीस आले, विहिरी पाहिल्या, रेल्वेच्या रुळांवर शोधलं. बंदराच्या कप्तानाला करंडक देऊ केला, तेव्हा तो म्हणाला, "समोरचा फलंदाज सापडेपर्यंत मी जिंकलो असं कुठल्या तोंडानं म्हणू?" म्हणून ती ओळ कोरी.

"इतिहासासाठी सगळ्या पट्ट्यांचे ठसे हवेत," वहीकाका म्हणाले. मी पातळ कागद पट्टीभोवती गुंडाळला आणि त्यावरून पेन्सिल आडवी घासत गेले. राखाडी रंगात पांढरी अक्षरं उमटत गेली. चौथी ओळ. मग पाचवी.

डोळ्यांना चांदीवर जे दिसत नव्हतं, ते कागदावर आलं. वर्षाचे आकडे चारही, आणि पुढं जिल्ह्याच्या नावाचं पहिलं अक्षर. फिकट, पण अक्षरच.

वहीकाकांनी कागद उजेडाकडे धरला. "तू कोरलंस?"

"नाही हो."

दोघांनीही खुर्चीकडे पाहिलं. बाबा डुलकी घेत होते. मांडीवर दोन्ही हात पानांसारखे थरथरत होते.

३

तिसऱ्या दिवशी वहीकाका सकाळीच आले. काखेत जुनी वही, कापडात बांधलेली. बाबा अजून वरच्या खोलीत होते. काकांनी आधी तशी खात्री करून घेतली, मगच गाठ सोडली.

"हे बघ. जेवणाच्या सुट्टीला मी इथं आडवी रेघ मारली. त्यानंतर एक चेंडू पडलेला नाही. पंचावन्न वर्षं हे पान इथंच थांबलंय."

पण पान थांबलेलं नव्हतं. रेघेच्या पुढं पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. टिंब, टिंब, एक, टिंब, दोन. खाली बेरीज केलेली. आता हव्या होत्या सहा.

"अक्षर माझं आहे," काका म्हणाले. "माझा 'दोन' असाच शेपटीवाला. पण मी लिहिलं नाही गं, पोरी. कपाटाची किल्ली माझ्या उशीखाली असते."

माझ्या मनानं लगेच हिशेब मांडला. काका एकटे राहतात. वय ऐंशी. जुनं काहीतरी मनात घोळत असेल, झोपेत उठून लिहीत असतील. आणि बाबा? बाबांना पेन्सिल धरता येत नसली, तरी एखाद्या बऱ्या दिवशी, मी बाजारात गेलेली असताना, जुन्या सवयीनं कोरणी हातात घेतली असेल. दोन म्हातारे, दोघांचं एकच दुःख. ते एकाच वेळी बाहेर पडलं, इतकंच. मला हे सगळं इतकं पटलं की मी काकांच्या पाठीवर हात फिरवला आणि त्यांना बिस्किटं दिली.

ते गेल्यावर मी करंडक लोखंडी कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली एप्रनच्या खिशात टाकली.

४

दुपारी जेवण झालं की बाबा दुकानाच्या मागच्या भागात खुर्चीवर टेकतात. मी पुढं काम करत बसते. मधे एक जाळीचं दार. त्यांचं घोरणं ऐकू येत राहिलं की मला बरं वाटतं.

त्या दिवशी घोरणं थांबलं. मी घड्याळाकडे पाहिलं, एक चाळीस.

"थांब," बाबा म्हणाले. स्पष्ट, तरण्या माणसाच्या आवाजात. मग थोडा वेळ काही नाही. मग एकदम, "ये! ये, ये, ये!"

मी जाळीतून पाहिलं. डोळे मिटलेले, मान खुर्चीच्या पाठीवर. पण छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि कपाळावर घाम. हात मात्र मांडीवर निवांत पडले होते, अजिबात न थरथरता. दहा वर्षांत मी ते हात तसे पाहिले नव्हते.

जागे झाले तेव्हा खूश होते. पाणी मागितलं, दोन पेले प्यायले. पायमोजे काढून देताना मी पाहिलं, तळव्यांना लाल माती लागली होती. आमच्या दुकानाची फरशी मी स्वतः रोज पुसते.

कपाट उघडलं. कुलूप जसंच्या तसं. पट्टीवर जिल्ह्याचं नाव आता नुसत्या डोळ्यांनीही दिसत होतं. संध्याकाळी वहीकाकांचा फोन आला. त्यांनी एकच शब्द उच्चारला, "पाच."

त्यानंतर आठवडाभर मी दुपारी काम केलंच नाही. जाळीपाशी स्टूल टाकून बसायची. रोज एक चाळीसला "थांब" किंवा "ये". आणि मला हेही कबूल केलं पाहिजे की मला भीती वाटायची ती त्या हाकांची नव्हे. हाक मारून झाल्यावर बाबा मान किंचित वळवायचे आणि हसायचे, कुणीतरी काहीतरी बोलल्यासारखे. त्या हसण्याची मला भीती वाटायची. माझ्याशी ते तसे कधी हसले नव्हते.

शेवटी मी करंडक त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि भिंग दिलं. "बाबा, हे कुणी कोरलं?"

त्यांनी भिंग बाजूला ठेवून अंगठ्यानं ओळ चाचपली. आंधळा माणूस चेहरा चाचपतो तशी.

"दादा. आमच्या बापानं त्यालाही शिकवलं होतं. याचं मन कुठं दुकानात! अक्षर बघ कसं, सगळी एका बाजूला कललेली. बाप ओरडायचा, अक्षरं पळत सुटलीत काय तुझी!" आणि हसले. तेच हसणं.

"बाबा, काय चाललंय हे?"

"त्या दिवशी मी पॅड सोडले नाहीत, पोरी. दिवस मावळेपर्यंत खेळपट्टीवर उभा होतो. दोघं असले तर डाव असतो. मी निघून आलो असतो तर तो आल्यावर कुणाबरोबर खेळला असता?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आता आलाय. थकलाय गं फार. दोनच धावा राहिल्यात."

"आणि त्या झाल्या की?"

"सामना संपेल."

"आणि मग?"

बाबांना माझा प्रश्न बावळट वाटला असावा. "सामना संपला की खेळाडू आत जातात. आणखी काय करतात?"

५

मैदानावर जायचं त्यांनीच ठरवलं. "शेवटचं खुर्चीत बसून नको," म्हणाले. मी नाही म्हणून पाहिलं, डॉक्टरांचं नाव काढलं, पायऱ्या, ऊन, गुडघे, सगळं मोजून दाखवलं. ते बूट घालून दारात उभे राहिले होते.

वहीकाकांना बरोबर घेतलं. मैदान रिकामं होतं, त्या दिवशी कुणाचा सराव नव्हता. माळ्यानं गवत कापून ठेवलं होतं, त्याचा ओला वास येत होता. कपडे बदलायच्या त्या खोलीत आता रोलर आणि जाळ्या ठेवतात. दाराला बाहेरून कुलूप होतं. मी ते हातानं ओढून पाहिलं, पक्कं होतं.

काका झाडाखाली वही उघडून बसले. बाबा काठी टेकत, दर दहा पावलांना थांबत मधे गेले आणि एका टोकाला उभे राहिले. मी सीमेच्या दोरीपाशी थांबले. लांबून ते इतके लहान दिसत होते की धावत जाऊन उचलून आणावंसं वाटलं.

एक चाळीस झाले. काहीच झालं नाही. मला हायसं वाटलं, आणि हसूही आलं. तीन शहाणी माणसं भर उन्हात रिकाम्या मैदानावर!

तेव्हा माझ्या मागं दाराची कडी सरकली.

मी वळले नाही. वळायला हवं होतं, पण मान वळेना. माझ्या उजव्या अंगानं कुणीतरी गेलं. फक्त आवाज ऐकू आला, बुटांच्या खिळ्यांचा, आधी फरशीवर, मग गवतात दबलेला. तो मैदानाच्या मध्याकडे जात राहिला आणि बाबा हळूहळू ताठ होत गेले. त्यांनी काठी टाकून दिली.

मग शांतता. आणि चेंडू बॅटच्या मधोमध बसला की येतो तो आवाज. चुकूच शकत नाही असा.

"ये!" बाबा ओरडले आणि पळाले.

माझे बाबा, ज्यांना मी आंघोळीला हात धरून नेते, ते पळाले. कोपर अंगाशी, मान पुढं. खेळपट्टीच्या मध्यावर त्यांनी खांदा आत घेतला, अरुंद बोळात समोरून येणाऱ्याला वाट देतात तसा. तेव्हा मला दिसलं. जमिनीवर सावल्या दोन होत्या. बाबांची एक. दुसरी तिला ओलांडून उलट दिशेनं गेली, पायांशी जाड, हातात लांबट काहीतरी धरलेली. डोकं वळवून ती बाबांकडे बघत होती. सावलीला चेहरा नसतो, पण बघत होती, एवढं मी शपथेवर सांगेन.

बाबा पलीकडच्या टोकाला पोचले. ते ज्या टोकाहून निघाले होते तिथून आवाज आला. "दोन! दोन आहेत!" आमच्या घरातल्या माणसांचा आवाज, धापा टाकणारा, आनंदानं फुटलेला.

बाबा वळले. त्यांचा चेहरा आता माझ्याकडे होता आणि त्यावर सुरकुती नव्हती.

"नाही!" मी ओरडले. "बाबा, नाही! नाही!"

मला क्रिकेटमधलं फारसं कळत नाही. पण बापाला मी ओळखते. हाक आली की ते थांबतात. चार पावलं आले होते, तिथेच त्यांनी पाय रोवले, माझ्याकडे पाहिलं आणि परत फिरले. समोरच्या टोकालाही बूट करकचून घासले गेले. तिथं लाल धूळ उठली आणि बराच वेळ हवेत राहिली.

मी धावत पोचले तेव्हा बाबा जमिनीवर बसले होते. म्हातारे, घामानं भिजलेले, थरथरणारे. मी त्यांना मिठी मारली. असली घट्ट मिठी मी लहानपणीही मारली नसेल.

६

मी त्यांना घरी आणलं. जेवताना म्हणाले, "अर्ध्यातून परत फिरवलंस त्याला. बाद झाला असता म्हणजे?"

"होऊ दे," मी म्हटलं.

"आणि एक धाव झाली ना, आता खेळायचं माझ्यावर आलं. मला कुठं येते फलंदाजी?" त्यांना खरोखरच चिंता पडली होती. मी रडत होते आणि हसतही होते. "बरं. यापुढं हाक तुझी," ते म्हणाले आणि ताटाकडे वळले.

त्यानंतर ते पावणेदोन वर्षं जगले. दुपारी शांत झोपायचे. मी यंदाची ओळ कोरून करंडक परत पाठवला; जुन्या ओळीत कप्तानाच्या नावाची जागा तेवढी कोरी राहिली. वहीकाकांनी इतिहास लिहिला आणि विसाव्या वर्षापुढं छापलं, "सामना अपूर्ण." एका हिवाळ्यात बाबांना खोकला झाला, तो छातीत उतरला, आणि दहाव्या दिवशी सकाळी चहाची वाट बघता बघता ते गेले. साधं मरण. मी हात धरून होते.

दोन महिन्यांनी वहीकाकांनी मला घरी बोलावलं. वही उघडी होती. त्या एका धावेपुढं टिंबं लागली होती. ओळीनं, एकाखाली एक, दुसरं पानही अर्धं भरलेलं.

"तो गेला त्या दुपारपासून रोज एक," काका म्हणाले. "चेंडू अडवतोय नुसता. धाव घेत नाही. एवढी चांगली फलंदाजी त्यानं जन्मात केली नव्हती." त्यांचे डोळे भरले होते. "कशासाठी थांबलाय गं तो?"

मला ठाऊक होतं.

आणखी नऊ दिवस मी तग धरला. दुपारी दुकान बंद ठेवलं, बहिणीकडे जाऊन बसले, रेडिओ मोठ्यानं लावला. दहाव्या दिवशी कुठेच गेले नाही. काम बाजूला सारलं आणि जाळीचं दार उघडून रिकाम्या खुर्चीसमोर स्टुलावर बसले. एक चाळीसला चेंडू बॅटला लागला. नीट नाही, कडेला चाटून गेल्यासारखा.

"ये!" एक आवाज म्हणाला. मैदानावर ऐकलेला.

"थांब दादा," दुसरा म्हणाला. तो मी आयुष्यभर ऐकला होता, पण इतका कोवळा कधीच नाही. "तिला म्हणू दे."

खोलीत मी श्वास घेत होते आणि आणखी दोघं श्वास घेत होते. त्यांना धाप लागलेली होती. मला वाटलं, गप्प राहिले तर हे असंच चालू राहील. रोज दुपारी, माझ्या शेवटापर्यंत, बाबा इथंच असतील. मला ते हवं होतं. देवाशप्पथ, हवं होतं.

"पळा, बाबा," मी म्हटलं.

माझ्या आणि भिंतीच्या मधल्या हातभर जागेतून पावलं गेली. वाऱ्यानं टेबलावरचे कागद उडाले. कुणीतरी मोठ्यानं हसलं, मग दोघंही हसले. ती पावलं परत आली नाहीत.

फोन वाजला. उचलला तर नुसते हुंदके ऐकू येत होते. वहीकाकांना रडताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"जिंकलो गं," ते म्हणाले. "जिंकलो आपण."

"काका," मी विचारलं, "दोघं बरोबर आत गेले का?"

पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला.

"ते वहीत येत नाही, पोरी," काका म्हणाले. "वहीत फक्त धावा येतात."